इलेक्ट्रिक गाडीला नवी मॅगव्हील घालताना: आधी वजन, मग टायर, मग रिम

मॅगव्हीलच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या चाकांच्या, दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला: “कितीचं घालायचं साहेब, सतरा की अठरा?” त्यानंतर डिझाइन, मग रंग, मग घासाघीस. पेट्रोल गाडीला या क्रमाने चाकं घेतली तर फार तर मायलेज थोडं घटतं आणि गाडी जरा धडधडते. इलेक्ट्रिक गाडीत हाच क्रम महागात जातो. चाक थेट रेंजमध्ये, म्हणजे एका चार्जवर गाडी जाते त्या अंतरात, हात घालतं, बॅटरीमुळे टायरवर वजन जास्त असतं, आणि इंजिनाचा आवाज नसल्याने रस्त्याची प्रत्येक कुरकुर कानावर येते. म्हणून हिशेब उलट्या टोकाकडून लावायचा. गाडीचं वजन पेलणारा टायर आधी ठरवायचा, त्याला बसणारी रिम नंतर, आणि दिसणं सगळ्यात शेवटी. दिसण्याला माझा विरोध नाही. नाद कोल्हापुरात नाही करायचा तर कुठं? पण तो मापात बसवता येतो.

उदाहरणासाठी सगळीकडे टाटा नेक्सॉन ईव्हीचं माप धरलंय, कारण कोल्हापूरच्या, एमएच ०९ पाटीच्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ती हमखास दिसते. तुमची गाडी दुसरी असली तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

गाडीवर काय लिहिलंय ते आधी वाचा

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर टायरचं माप आणि पुढच्या-मागच्या चाकांत किती हवा भरायची ते दिलेलं असतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे तो दहा वेळा लागणार आहे. मग टायरच्या भिंतीवरचा आकडा वाचा: २१५/६० आर१६ ९५एच.

२१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. शेवटच्या ९५एच कडे मात्र कुणी बघत नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात मोलाचा तोच भाग आहे. ९५ हा भारांक: एक टायर जास्तीत जास्त ६९० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग सहन करणारा टायर.

बाकी गाड्यांची कंपनीची मापं बघितली तर त्यातही अर्थ दिसतो. टियागो ईव्हीला १७५/६५ आर१४, एक्सयूव्ही ४०० ला २०५/६५ आर१६, क्रेटा इलेक्ट्रिकला २१५/६० आर१७. शोरूममध्ये ही चाकं कुणाला बारकी वाटतात, पण कंपनीने भिंत जाडच ठेवली आहे. आपल्याकडच्या रस्त्यांचा आणि रेंजचा दोन्हीचा विचार त्यात आहे.

आता एक चाक उतरवा किंवा उतरवून घ्या आणि पालथं करा. रिमच्या मागच्या बाजूला, आऱ्यांच्या पाठीवर किंवा मधल्या भागात, ओतीव अक्षरं सापडतील: रिमचा व्यास आणि रुंदी, म्हणजे १६×६.५जे असं काहीतरी, आणि ईटीपुढे एक आकडा (हा ऑफसेट, तो पुढे समजावलाय). कधी रिमची भार पेलायची क्षमताही किलोत लिहिलेली असते. धूळ आणि ब्रेकची काळी पूड बसलेली असते, ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय वाचता येत नाही. हे सगळं कागदावर उतरवून घ्या. चाक पालथं असतानाच ते वजनकाट्यावर ठेवा, टायरसकट. हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही.

भारांक: इथे तडजोड नाही

नेक्सॉनचीच इलेक्ट्रिक आवृत्ती पेट्रोल आवृत्तीपेक्षा साधारण दीडशे-दोनशे किलोने जड आहे. त्यात पाच माणसं, जोतिबाला निघालेल्या घरच्यांच्या पिशव्या, आणि वर ब्रेक मारला की पुढच्या चाकांवर झुकणारं वजन. म्हणून नियम सोपा: नव्या टायरचा भारांक जुन्याइतका किंवा त्याहून जास्त. एकानेही कमी नको.

नेक्सॉनवर सर्रास सुचवलं जाणारं माप आहे २१५/५५ आर१७. मापाने चपखल. पण या मापाचा साधा टायर ९४ भारांकाचा येतो, म्हणजे ६७० किलो. मूळच्यापेक्षा वीस किलो कमी. याच मापात एक्सएल (एक्स्ट्रा लोड, जादा भार पेलणारा) शिक्क्याचा टायर ९८ चा मिळतो, म्हणजे ७५० किलो. दोन्ही दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, दिसायला सारखे. बिलावर नुसतं “२१५/५५ आर१७” लिहून चालणार नाही, “९८ एक्सएल” लिहून घ्या.

अठरा इंचाची गोष्ट याहून नाजूक आहे. २२५/४५ आर१८ हे माप व्यासाने जमतं. साध्या टायरचा भारांक ९१, म्हणजे ६१५ किलो. एका टायरमागे ७५ किलो कमी, चारमागे तीनशे. एक्सएल घेतला तर ९५, म्हणजे मूळच्याइतका. सुटलो असं वाटतं, पण साधा टायर आपलं कमाल वजन सुमारे ३६ पीएसआय हवेवर पेलतो आणि एक्सएल टायर तेच वजन पेलण्यासाठी सुमारे ४२ पीएसआय मागतो. म्हणजे एक्सएलमध्ये दारावरच्या स्टिकरइतकीच हवा भरली, तर कागदावरचा ९५ रस्त्यावर ९५ राहत नाही. हवा थोडी वाढवावी लागते. आधीच बारीक भिंतीचा टायर, त्यात हवा कडक: कळंब्याच्या पुढचा कुठलाही गतिरोधक तुम्हाला ते समजावून सांगेल.

एक्सएलच्या वर आता एचएल शिक्क्याचे, आणखी जास्त भार पेलणारे टायर निघालेत, पण ते मोठ्या जड इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. आपल्या मापात त्यांच्या मागे लागू नका.

वेगाचं अक्षरही मूळचं किंवा वरचं ठेवा: टी १९०, एच २१०, व्ही २४०. एवढ्या वेगाने हायवेवर कुणी जाणार नाही, पण ते अक्षर टायर उष्णता किती सहन करतो तेही सांगतं. एप्रिल-मेच्या दुपारी भरलेली गाडी घेऊन पुण्याला निघालं की त्याचा उपयोग कळतो.

बाहेरचा व्यास: मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटं

रिम मोठी केली तरी टायरसकट चाकाचा पूर्ण व्यास तोच राहिला पाहिजे. सूत्र असं: रुंदीला टक्क्याने गुणा, दुप्पट करा, त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये (इंच गुणिले २५.४) मिळवा.

२१५/६० आर१६ साठी: २१५ × ०.६० = १२९. दुप्पट २५८. रिम ४०६.४. बेरीज ६६४.४ मिलिमीटर. आता पर्याय ताडून बघू:

- २१५/५५ आर१७: ६६८.३ मिमी, ०.६ टक्के मोठं. भिंत ११८ मिमी.
- २२५/५० आर१७: ६५६.८ मिमी, १.१ टक्के लहान. भिंत ११२.५ मिमी.
- २२५/५५ आर१७: ६७९.३ मिमी, २.२ टक्के मोठं. भिंत १२४ मिमी.
- २२५/४५ आर१८: ६५९.७ मिमी, ०.७ टक्के लहान. भिंत १०१ मिमी.

तीन टक्क्यांपर्यंत चालतं असं बहुतेक दुकानदार सांगतात. इलेक्ट्रिक गाडीला मी दोनची मर्यादा धरतो. कारण रेंजचा सगळा अंदाज गाडी चाकाच्या फेऱ्यांवरून बांधते. २२५/५५ आर१७ घातला तर तुम्ही प्रत्यक्ष १०२ किलोमीटर जाता आणि मीटर १०० दाखवतो. मग “चाकं बदलल्यावर गाडी जास्त युनिट खायला लागली” असं वाटतं. त्यातला दोन टक्के हिस्सा निव्वळ मीटरचा असतो. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि काही गाड्यांतला हवा कमी झाल्याचा इशारा हेही चाकांच्या फेऱ्यांवर चालतात. चारही चाकं एकाच मापाची हवीत, हे वेगळं सांगायला नको.

टियागो ईव्हीवाल्यांसाठी: १७५/६५ आर१४ चा व्यास ५८३ मिमी. पंधरा इंचात १८५/६० आर१५ दुकानात सहज मिळतो म्हणून गळ्यात मारला जातो, पण तो ३.४ टक्के मोठा आहे. १८५/५५ आर१५ नेमका बसतो, ५८४.५ मिमी, भारांकही तोच ८२. भिंत मात्र ११४ वरून १०२ वर येते.

रेंज किती जाते?

यावर उत्साहाने बोलणारे खूप, आकडा देणारे थोडे. एक आकडा सगळ्यांना तपासता येण्यासारखा आहे. ह्युंदाई आयोनिक ६ ची मागच्या चाकांवर चालणारी मोठ्या बॅटरीची गाडी अमेरिकेत २०२३ मध्ये दोन चाकांत आली. सरकारी चाचणीत १८ इंची चाकांवर रेंज ३६१ मैल, म्हणजे ५८१ किलोमीटर. २० इंचीवर ३०५ मैल, म्हणजे ४९१ किलोमीटर. गाडी तीच, बॅटरी तीच, ९० किलोमीटर गेले. तिथे टायरही २२५ वरून २४५ इतका रुंद होतो, म्हणजे दोष एकट्या व्यासाचा नाही. आणि तीच खरी गोष्ट आहे: इंच वाढतात तेव्हा सोबत रुंदी, वजन आणि टायरची जातही बदलते. रेंज या तिघांमुळे जाते.

त्यातही सगळ्यात मोठा वाटा टायरच्या जातीचा. कंपनी नवीन इलेक्ट्रिक गाडीला बहुधा कमी रोलिंग रेझिस्टन्सचे टायर देते, म्हणजे फिरताना कमी ऊर्जा खाणारे. हिशेब करून बघा. माणसांसकट १७०० किलोची गाडी, टायरचा गुणांक ०.०१०. शंभर किलोमीटर नुसते टायर फिरवायला साधारण ४.६ युनिट लागतात. गुणांक ०.०१२ झाला की ५.६. मोटर आणि कंट्रोलरमधली घट धरली तर बॅटरीतून एक युनिटभर जास्त जातं. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती. शंभर किलोमीटरला १४ युनिट खाणारी ती गाडी १५ खायला लागली तर रेंज साधारण २१५ वरून २०० वर येते. कोल्हापूर-पुणे अंतर २३० किलोमीटरच्या आसपास. पुण्याआधी पंधरा किलोमीटर कमी पडायचे की तीस, हा फरक यातून येतो.

चाकाच्या वजनाचा परिणाम लोक फुगवून सांगतात. हायवेवर एका वेगाने जाताना दोन-तीन किलो जड चाक फारसं काही बिघडवत नाही, आणि शहरात वेग धरायला गेलेली काही ऊर्जा ब्रेक दाबताना रिजनमधून, म्हणजे मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते त्यातून, परत मिळते. जड चाक खरं त्रास देतं ते सस्पेन्शनला: खड्ड्यातून वर आलेलं चाक आवरायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं. म्हणून जुन्या चाकाचं वजन घेतलंय ना, तर नवं चाक टायरसकट त्यापेक्षा एक-दीड किलोहून जड नसावं. दुकानदाराकडे वजनकाटा नसेल तर शेजारच्या भंगारवाल्याकडे असतो.

हवेच्या अडथळ्याचाही एक मुद्दा. कंपनीच्या इलेक्ट्रिक चाकांवर सपाट प्लास्टिकची झाकणं किंवा भरलेले आरे दिसतात, ते उगाच नाहीत. चाकाभोवती हवा घुसळली जाते, त्याला आळा घालायला ते असतात. उघड्या पाच आऱ्यांची चाकं देखणी दिसतात, पण शिरोलीच्या पुलावरून एकदा हायवेला लागलं आणि नव्वद-शंभरचा वेग धरला की त्याची किंमत मोजावी लागते. गावातच गाडी फिरत असेल तर हा मुद्दा विसरा.

आपले रस्ते आणि टायरची भिंत

वरच्या यादीत भिंतीची उंची मुद्दाम दिली आहे. १२९ वरून ११८ म्हणजे एक सेंटिमीटर गेला, हे चालवून घेता येतं. १०१ म्हणजे जवळपास तीन सेंटिमीटर गेले. फुलेवाडी सोडून गगनबावड्याकडे निघा. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते वरून कळत नाही. गळीत हंगामात समोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या येतात आणि तुम्हाला डांबराची कड सोडून साइडपट्टीवर उतरावं लागतं. त्या कडेवर पुन्हा चढताना टायर चिमटला जातो: एका बाजूला डांबराची धार, दुसऱ्या बाजूला रिमचा ओठ, मधे रबर. भिंत बारीक असेल तर आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरला अंड्याएवढा फुगा आलेला दिसतो. तो टायर मग बाद, पंक्चरवाल्याच्या हातात काही उरत नाही. कधी टायर वाचतो आणि रिम वाकते.

इलेक्ट्रिक गाडीत वजन जास्त असल्याने हा चिमटा जोरात बसतो. त्यात बऱ्याच गाड्यांना स्टेपनी नसते: २०२० पासून नियमानेच ट्यूबलेस टायर, हवा दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. किटमधल्या फेसाने खिळ्याचं भोक बुजतं, फाटलेली भिंत नाही. करूळ घाटात मोबाइलला रेंज नसताना हे आठवलं तर उपयोग नाही.

माझं मत सरळ आहे. गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट असं वर्षातून चार वेळा जरी जाणं असेल तर सोळाच ठेवा, फार तर हलकी आणि देखणी सोळा इंची रिम घ्या. हायवे आणि शहर एवढंच असेल तर सतरापर्यंत जा. अठरा फक्त त्या गाड्यांना, ज्यांना कंपनीनेच अठरा दिलंय. आणि कुणी वरच्या व्हेरिएंटची मोठी चाकं घेऊन पस्तावला असेल, तर खालच्या व्हेरिएंटचं लहान माप उतरवून घालणं हाही चांगला मार्ग आहे. ब्रेकचं कॅलिपर आत मावतंय ना तेवढं बघायचं.

पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट आणि नट

नेक्सॉनचा पीसीडी ५×१०८ आहे, टियागोचा ४×१००. पाच बोल्ट १०८ मिलिमीटरच्या वर्तुळावर, असा त्याचा अर्थ. बाजारात ५×११२ आणि ५×११४.३ ची चाकं भरपूर, १०८ ची कमी. आणि इथेच एक घातक गोष्ट घडते. पाच भोकांच्या चाकात शेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतर १०८ ला ६३.५ मिमी असतं आणि ११२ ला ६५.८ मिमी. फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही. नट तिरके धरून कुणीतरी आवळतं आणि वर म्हणतं, “बसतंय की ओ साहेब, एवढं काय!” बसत नाही. बोल्टवर कायम तिरका ताण राहतो आणि एक दिवस तो तुटतो. व्हर्नियर घेऊन मोजा. उद्यमनगरात ज्याचं वर्कशॉप आहे असा एखादा मित्र तुम्हाला नक्की असेल.

मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागापेक्षा, लहान असेल तर चाक बसतच नाही. मोठं असेल तर बसतं, पण मध्यावर येत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. त्यासाठी नेमक्या मापाची हब रिंग मिळते, ती घालून घ्या. भोक लेथवर मोठं करून घेण्याची कल्पना सुचली तर ती तिथेच सोडा.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे, ते. ईटीचा आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा जुनी रिम ६.५ इंच रुंद, ईटी ४५. नवी ७ इंच, ईटी ४२. रुंदीतला निम्मा फरक ६.३५ मिमी. बाहेरच्या बाजूला ६.३५ अधिक ३, म्हणजे ९.३५ मिमी चाक पुढे आलं. आतल्या बाजूला ६.३५ वजा ३, म्हणजे ३.३५ मिमी शॉकअपकडे सरकलं. हे ठीक आहे. आता साडेसात इंची, ईटी ३५ ची रिम घ्या: बाहेर २२.७ मिमी. दिसायला भारदस्त, पण खडी उडून दाराला लागते, बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देतं. बाहेरच्या बाजूला दहा मिलिमीटरच्या आत राहा. स्पेसर घालून चाक बाहेर काढणं तर नकोच.

रिमची रुंदी टायरलाही पटली पाहिजे. २१५/५५ आर१७ ला ६ ते ७.५ इंच रुंदीची रिम चालते, सात इंच उत्तम.

नटांचं तोंड बघा. काही चाकांना शंकूसारखं टोक लागतं, काहींना गोल. चुकीच्या तोंडाचा नट आवळलेला वाटतो पण पकड धरत नाही. नव्या चाकांसोबत त्यांचेच नट घ्या. स्टेपनी असेल आणि ती लोखंडी रिमची असेल, तर तिच्यासाठी मूळचे नट डिकीत ठेवायला विसरू नका.

रिमची ओतणी

हे कोल्हापूरकराला फार समजवावं लागू नये. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्यांनी काम केलंय त्यांना ब्लोहोल, म्हणजे ओतताना धातूत राहिलेली हवेची पोकळी, काय असते ते माहीत आहे. मॅगव्हील हे शेवटी अॅल्युमिनियमचं कास्टिंगच आहे, बिडाऐवजी वेगळा धातू एवढंच. वरून रंग झकास असतो, म्हणून पाठीमागून बघायचं. आऱ्याच्या मुळाशी बारीक छिद्रं, रंगाखाली भरलेली पुट्टी, घासून काढलेली वेल्डिंगची रेघ यांपैकी काही दिसलं तर चाक परत ठेवा. वापरलेली किंवा सरळ करून आणलेली रिम जड इलेक्ट्रिक गाडीला घेऊ नये, स्वस्त मिळाली तरी.

शिक्के बघा. भारतात रिमसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे, त्यानुसार आयएसआय चिन्ह असावं. जपानी जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही अक्षरंही चांगल्या चाकांवर असतात. पण नक्कल करणारा अक्षरंही ओततो, म्हणून बिल आणि वॉरंटी कार्ड मागा. रिमवर लिहिलेली भारक्षमता टायरच्या भारांकाइतकी तरी हवी: नेक्सॉनला ६९० किलो किंवा जास्त. पेट्रोल हॅचबॅकसाठी बनलेली स्वस्त सोळा-सतरा इंची रिम इथेच गळते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीवेळच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करायचा नाही. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेलं माप घेतलं तर वादाला जागाच राहत नाही. महिंद्रा बीई ६ ला १९ आणि २० अशी दोन्ही चाकं कंपनीच देते, तिथे चिंता नाही. मडगार्डबाहेर डोकावणारं चाक मात्र पोलिसांनाही दिसतं आणि अपघातानंतर सर्व्हेअरलाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, चाकांची किंमत पॉलिसीत चढवून घ्या. वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरला ईमेलवर विचारा, तोंडी उत्तर पुढे कामाला येत नाही.

चाकं बसवायच्या दिवशी

गाडी उचलताना समोर उभे राहा. ट्रॉली जॅक सरकवून मिळेल तिथे टेकवायची सवय बऱ्याच ठिकाणी असते. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली बॅटरीची पेटी आहे. जॅक फक्त कडेच्या ठरलेल्या चार जागांवर लागला पाहिजे, त्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेल्या असतात. दुकानातल्या मुलाला आधीच दाखवा, राग मानत नाही कुणी.

नवा टायर किती जुना आहे ते भिंतीवरच्या लांबट सांकेतिक क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून कळतं: २२२५ म्हणजे २०२५ सालचा बाविसावा आठवडा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं तारांकित लेबल टायरला असेल तर जास्त ताऱ्यांचा घ्या. पण ओल्या रस्त्यावरची पकड सोडून नुसत्या रेंजच्या मागे लागू नका. रिजनचा ब्रेक फक्त मोटर असलेल्या चाकांवर लागतो, आणि पन्हाळ्याच्या ओल्या उतारावर पकड कमी असेल तर पुढची चाकं घसरायला बघतात.

हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. नट आधी हाताने दोन-तीन आटे, मग चांदणीच्या क्रमाने, एक सोडून एक. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. शंभर किलोमीटरच्या आत परत येऊन पुन्हा तपासा, नवं चाक बसताना नट किंचित सैल होतात. हवेचे सेन्सर व्हॉल्व्हमध्ये असतील तर ते नव्या रिमवर हलवून घ्यायचे. बॅलन्सिंगची आतून चिकटवलेली वजनं कॅलिपरला घासत नाहीत ना, ते चाक हाताने फिरवून ऐका. मग अलाइनमेंट.

दुकानातून निघण्याआधी मागे तीन माणसं बसवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा आणि तसंच एका गतिरोधकावरून हळू न्या. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर ओल्या खडूचा पट्टा ओढून ठेवला तर टायर कुठे टेकतो ते लगेच उमटतं. घासलं तर चाकं तिथेच परत, “वापरून सैल होईल” हे ऐकायचं नाही.

त्यानंतर मीटर तपासायचा. हायवेवर तावडे हॉटेलपासून कागलपर्यंत जा आणि परत या, मोबाइलचा जीपीएस चालू ठेवून. गाडीचं अंतर आणि जीपीएसचं अंतर यांतला फरक टक्क्यांत काढा. रेंजची तुलना करताना तेवढा टक्का आधी हिशेबात धरा: मीटर कमी दाखवत असेल तर मिळवा, जास्त दाखवत असेल तर वजा करा. शक्य असेल तर चाकं बदलण्याआधी हीच फेरी, त्याच वेगाने, एसी तसाच ठेवून एकदा मारून घ्या आणि शंभर किलोमीटरला किती युनिट गेले ते लिहून ठेवा. नवे टायर पहिले काही शे किलोमीटर जरा जास्त खातात, तेव्हा लगेच निकाल लावू नका.

पुढची चाकं ओढणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीत पुढचे टायर लवकर गोटा होतात, मोटरचा ओढा आणि रिजन दोन्ही त्यांच्यावरच येतात. आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे करा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेच टायर संपला. आपल्याकडच्या पावसासाठी तीनवर असतानाच बदला.

जुनी चाकं विकायची घाई करू नका. गाडी विकताना, वॉरंटीच्या वादात किंवा एखादी नवी रिम वाकल्यावर तीच लागतात. टायरसकट आडवी रचून, सावलीत, मूळ नट पिशवीत घालून त्यातल्याच एका चाकाला बांधून ठेवा.